मुखपृष्ठावरची गोष्ट

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी भालकीच्या कचेरीत कारकून होतो. घरात बोलणं मराठी, पण शाळा सगळी उर्दूत झालेली. मराठी पाटी दिसली की अक्षराला अक्षर जोडत वाचायचो. तरी नाद लागला तो मराठी मासिकांचा. वाण्याकडे पुड्या बांधायला सोलापूरहून रद्दी यायची. तिच्यात रंगीत चित्रांची मुखपृष्ठं असलेले जुने अंक निघत. ती चित्रं बघून माझा पाय दुकानातून हलत नसे. बघता बघता त्या अंकांनी माझी लोखंडी पेटी भरली. गल्लीत बोललं जाऊ लागलं, कारकून फार वाचतो. मी ते खोडून काढलं नाही.

लग्न झालं. बायको सोलापूरकडची, मराठी शाळेत शिकलेली. एका दुपारी सासरे आले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ओट्यावर शेजारचे अप्पाही येऊन बसले.

सासरे म्हणाले, "तुमच्या पेटीचं फार ऐकलंय. मला आता दिसत नाही. एखादी गोष्ट वाचून दाखवा."

"वाचा की," अप्पा म्हणाले. "आमीबी ऐकायलाव."

हाताला लागला तो अंक काढला. मुखपृष्ठावर बैलगाडीत बसलेली बाई, मांडीवर पोपटाचा पिंजरा. आत पहिल्याच ओळीत मी अडकलो. मग नजर पानावर ठेवून मी मनानंच सुरू केलं. बाई माहेरी निघाली, वाटेत पोपट उडाला, गाडीवान त्याच्यामागं धावला. अप्पा रंगले. मलाही जोर चढला. शेवटी पोपट सापडला.

सासरे हळूच म्हणाले, "पान उलटल्याचा आवाज नाही आला."

माझी कानशिलं तापली. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. माझ्या हातातला अंक तिनं घेतला. "तुम्ही चहा प्या, पुढचं मी वाचते," म्हणाली. वाचू लागली तर गोष्ट पुण्यातल्या कुण्या वकिलाची.

"आन पोपट कामून न्हाई ह्यात?" अप्पांनी विचारलं. माझ्या कपातला चहा तसाच राहिला.

ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पेटीतले अंक वाण्याला परत द्यायला निघालो, तर म्हणाली, "चित्रं आवडतात म्हणून आणलीत ना? राहू द्या."

पुढच्या खेपेला सासऱ्यांनी पिशवीतून बाराखडीचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "नातवाला होईल." घरात तेव्हा पाळण्याची चाहूलही नव्हती. मी मान खाली घालून ते घेतलं.

कचेरीतून येताना तळ्याच्या बांधावर एकटाच बसून मी ते पाठ केलं. पुढं अंकही वाचता येऊ लागले. पण सासऱ्यांसमोर अंक उघडायची हिंमत झाली नाही. दरवेळी वाटायचं, पुढच्या वेळी वाचून दाखवू. ते वारले, तेव्हाही मी त्यांना एक ओळ वाचून दाखवलेली नव्हती.