वाफ्यात उभा केलेला बॅक

दयाराम भोईरला फुटबॉलचं वेड लागलं ते लढाईच्या काळात, कल्याणच्या लष्करी छावणीत हमालीला गेला तेव्हा. संध्याकाळी गोरे सोल्जर खेळायचे आणि हा तारेच्या कुंपणाला नाक लावून बघत बसायचा. दोन वर्षांनी पनवेलला परतला तो काखेत एक फाटका चामडी बॉल आणि डोक्यात एकच मांडणी घेऊन: मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. पुढे बॉल कितीतरी बदलले. मांडणी मात्र बारा-तेरा वर्षं तीच राहिली.

तसा तो मिठागरातला माणूस. बाप, आजा, सगळे खाडीकाठीच राबलेले. तिथला कायदा साधा होता. उधाणाच्या दिवशी प्रत्येक उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारावर, एकेक माणूस उभा राहायचा, आणि शेजारचा बांध फुटला तरी त्याने आपली उघाडी सोडायची नाही. दयारामचा थोरला भाऊ दादू एकदा धावत जाऊन दुसऱ्याचा बांध सावरायला लागला. तेवढ्यात त्याच्या उघाडीतून पाणी शिरलं आणि साऱ्यांचं तयार मीठ विरघळून गेलं. गाव दोन वर्षं दादूशी धड बोललं नाही. दयारामने हाच कायदा मैदानात आणला. खराब मिठाच्या रेघा ओढून तो मैदानावर मिठागरातल्यासारखे चौकोनी वाफे आखायचा आणि प्रत्येक पोराला आपापल्या वाफ्यात उभं करायचा. "जागा सोरायची नाय," हा त्याचा पहिला धडा, आणि शेवटचाही.

लोक चेष्टा करायचे. दयाराम बॉल खेळवतो की मीठ पिकवतो, म्हणायचे. पण उरणपासून नेऱ्यापर्यंतच्या संघांत बॉल दिसला की अकराच्या अकरा त्याच्यामागे पळायचे. त्यांच्यापुढे ही शिस्त भारी पडली आणि तालुक्याची ढाल सलग चार वर्षं दयारामच्या ओटीवर राहिली. माणूस जिंकत गेला की त्याला वाटतं, आपल्याला सगळं कळलं. दयारामलाही तसंच वाटलं.

त्याच्या संघात काशीराम हा उजवा बॅक होता. वय वीस. मिठाच्या पाट्या वाहून मांड्या लोखंडाच्या झालेल्या, आणि नजर अशी की बॉल कुठे पडणार हे त्याला बॉलच्या आधी कळावं. आईबाप लवकर गेले, म्हणून दयारामची बायको हौसा हिच्या हातची भाकरी खाऊन तो वाढला. या पोराने एक दिवस भारताच्या संघातून खेळावं, ही दयारामची इच्छा. तोंडाने कधी बोलला नाही, पण गावात ती न कळलेला माणूस नव्हता.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली संधी चालून आली. राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी खेळाडू हेरत फिरणारे नोरोन्हा साहेब ढालीचा अंतिम सामना बघायला पनवेलला आले. त्या वर्षी ढालीसाठी बाहेरचे संघही घेतले होते, आणि समोर होता मुंबईच्या एका गिरणीचा संघ. त्यांचा सेंटर फॉरवर्ड भलताच लबाड निघाला. तो पुढे येईचना! मैदानाच्या मध्यात मागे सरकून तिथून बॉल वाटायचा आणि डाव्या-उजव्या बाजूचे गडी घुसून गोल करायचे. दयारामचे दोन्ही बॅक मात्र जिथे कोणी नाही तिथे पहारा देत उभे. मध्यंतराला दोन गोल चढले होते.

काशीराम धापा टाकत आला. "काका, मी त्याच्या मागं जातू. हाफचा महादेव माजी जागा बघंल."

"आनि महादेवची जागा कोन बघंल? आपल्या वाफ्यात रव्हायचं."

पोरगं मैदानात परतलं. पण उत्तरार्धात त्याला राहवलं नाही. लबाडाच्या पायातला बॉल त्याने काढून घेतला, तसाच अर्धं मैदान कापत गेला, दोघांना चकवलं आणि फॉरवर्ड तुळशीरामला असा बॉल दिला की त्याने नुसता पाय लावायचा. गोल! माणसं टोप्या उडवायला लागली. नोरोन्हा साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. आणि आमचा शहाणा रेषेकाठी धावत ओरडत होता, "काशा, मागं! जागा!"

काशीराम मागे गेला. त्यानंतर एकदाही पुढे आला नाही. सामना तीन-एकने गेला.

बक्षीस समारंभाच्या गडबडीत नोरोन्हा साहेबांनी दयारामला बाजूला घेतलं. म्हणाले, "आम्हाला प्रत्येक सामन्याला नवी मांडणी करावी लागते, कधी कधी तर चालू सामन्यातच. आज बॅक, उद्या हाफ, असा गडी हवा. हा मुलगा एकदाच पुढे गेला आणि कमाल केली. मग पुन्हा का गेला नाही? दम कमी पडतो का?"

मी थांबवलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ढाल हातची गेली होती, भोवती गाव उभं होतं, आणि कालपर्यंत पाया पडणारी माणसं आता दयारामने घात केला असं कुजबुजत होती. स्वतःच्या तोंडाने ते कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "दम जरा कमी हाय त्याचा."

साहेबांनी मान हलवली आणि वही मिटून खिशात घातली.

पुढे दयाराम बदलला. वाफे आखणं बंद केलं, पोरांना जागा बदलून खेळायला लावलं, समोरचा संघ बघून डाव बदलायला शिकला. ढालही परत आणली. पण हे वरातीमागून घोडं. काशीराम मिठागरातच राहिला. पुढे गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. सणावाराला तो हौसाला भेटायला यायचा, दयारामच्या पाया पडायचा, आणि दयारामला त्या वाकलेल्या पाठीकडे बघवत नसे. आठ वर्षं त्याने हे सोसलं. मग एका सकाळी तो स्वतःच मिठागरात गेला, काशीरामशेजारी बांधावर बसला आणि साहेबांना काय सांगितलं ते सगळं सांगून टाकलं. सांगताना म्हातारा रडला.

काशीराम मीठ ओढत होता, तो थांबला.

"मला ठाव हाय, काका. तवा मी तुमच्या मागंच पानी पीत हुबा व्हतू."

"मंग बोललास का नाय रे?"

"तुमी बोलाल म्हनून वाट बघत व्हतू."