मधलं दार उघडं ठेवणारा दलाल

तुमच्या तिकडे परदेशात घर विकताना एजंट कोणाच्या बाजूचा, हे कागदावर लिहितात म्हणे. आमचं धुळ्याचं घर विकणारा दलाल दोन्ही बाजूंचा होता. त्याची दलाली आमच्याकडून एक टक्का, घेणाऱ्याकडून एक टक्का. माझ्यासमोर तो भिंतीवर थाप मारून म्हणे, "वहिनी, घर सोनं शे!" आणि गिऱ्हाईक आलं की त्याच भिंतीची ओल दाखवी. मला तो दुटप्पी वाटे.

तुमच्या आजोबांची जळगावला बदली झाली होती. महिन्याभरात घर विकायचं होतं. आम्ही दलालाला टाळून, त्यानेच आणलेल्या शेठजींना परस्पर चहाला बोलावलं.

"किंमत तुम्हीच सांगा," शेठजी म्हणाले.

"छे, छे, तुम्ही सांगा," आजोबा म्हणाले.

तीनदा चहा झाला. दोघे इतके सभ्य, की आकडा कोणाच्याच तोंडून निघेना. शेठजी उठू लागले, तेव्हा मीच दलालाला निरोप धाडला.

तो लगेच आला. शेठजींना ओसरीवर बसवलं, आम्हाला स्वयंपाकघरात, आणि इकडचा आकडा तिकडे नेऊ लागला. मधलं दार उघडंच होतं. सगळं ऐकू येई, तरी तो येऊन सांगेपर्यंत आम्ही काहीच न ऐकल्यासारखे बसून राहायचो. पाऊण तासात व्यवहार ठरला.

दलाली देताना मी विचारलं, "भाऊ, आम्ही तुम्हाला टाळलं, वाईट नाही वाटलं?"

"पहिले बठ्ठेच टाळतस, वहिनी, सगळेच," तो म्हणाला. "शेठजी चहाले निंघनात, तवयच मी टोपी घालीसन तयार व्हतू."