बांधून ठेवलेला बॅकअप

मृणालने कीबोर्ड उचलून टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. बटणं उडून माझ्या चहात पडली. कीबोर्डचे दोन तुकडे झाले, तशी तिने मुठीने स्क्रीन फोडला. ऑफिसात कोणी जागचं हललं नाही.

"मी डिलीट केलं रे," ती ओरडली. "बॅकअप आहे म्हणून डिलीट केलं!"

एका फोटो स्टुडिओने काढलेले लग्नांचे सगळे फोटो आमच्या क्लाउडवर होते; तेच तिने उडवले होते. बॅकअपचा कोड मृणालचाच, आणि देखणा. एकेक पायरी चढवत बांधत जायचं: आधी नाव, मग कुठल्या फाइली, किती काळ ठेवायच्या, आणि शेवटी 'बिल्ड', म्हणजे हे सगळं एकत्र जुळवायचं. पण त्यातून तयार व्हायचं ते बॅकअपचं नुसतं वर्णन. ते क्लाउडकडे पाठवून 'आता घे' असं सांगणारी ओळ लिहायचीच राहिली होती.

हे एकट्या मृणालचं थोडंच आहे? एखाद्या माणसाला कसं जपायचं, हे आपण मनात इतकं सुरेख रचतो की जपून झाल्यासारखंच वाटतं. मग त्याच भरवशावर खुशाल घाव घालतो. मागे काहीतरी शिल्लक असणारच, अशी खात्री असते ना.

"अगं, हात दाखव आधी," म्हणत मी रुमाल तिच्या मुठीवर गच्च आवळला. तो लगेच भिजला. फुटक्या स्क्रीनच्या एका कोपऱ्यात, रक्ताच्या ओघळाशेजारी, तिच्या कोडच्या तपासणीची हिरवी ओळ अजून चमकत होती: सगळ्या टेस्ट पास.