सुटलेलं तांबं

सांडोरला जयरामच्या वाडीत केळीचं लोंगर, म्हणजे अख्खा घड, उतरवलं की उरलेलं खोड बांधाला कुजायला टाकत. हेमांगीची रसायनशास्त्रातली पीएच.डी. सुरू झाली आणि बाप ती खोडं चिरून पत्र्यावर वाळवू लागला. लेक त्यांचा कोळसा करी, कोळशावर तांबं बसवी. अल्काइन नावाचे रेणू टोकाला टोक जोडले की औषधांचा कच्चा माल होतो. जोडणी तांबं करतं, पण ते विरघळून राहिलं की औषधातून काढणं जिकिरीचं. कोळशाला धरून राहिलं तर नुसतं गाळायचं, पुन्हा वापरायचं. जयरामला एवढंच कळलं होतं आणि तेवढ्यावर त्याने वसईच्या बाजारभर सांगितलं होतं, "आमच्या केळीतून औषध होनार."

तोच कोळसा आठ वेळा वापरला. आठही वेळा जोडणी झाली. थीसिस लिहायला घेतला तेव्हा एकच चाचणी उरली होती. जोडणी अर्ध्यावर असताना कोळसा गरम असतानाच गाळून काढायचा. काम कोळशावरचं तांबं करत असेल, तर ते काम तिथेच थांबायला हवं.

थांबलं नाही. गाळलेल्या स्वच्छ द्रवात जोडणी चालूच राहिली.

चार वर्षं ती संध्याकाळी भांडं निवत ठेवून घरी यायची आणि सकाळी गाळायची. तापल्यावर सुटलेलं तांबं निवताना गुपचूप कोळशावर परतत होतं.

"चाचणी केलीच नाही असं समज," तिचे गाईड सर म्हणाले. "पेपर छापायला जाऊ दे."

तिने ती थीसिसच्या पाचव्या प्रकरणात लिहिली. पेपर गेला नाही.

घरी सांगितलं तेव्हा तिची आई जिजा भाजी निवडत होती. "कोनी सांगितलं तुला उकरून बघायला? आठ वेळा झालं ना?"

जयराम म्हणाला, "आपल्या केळीचा काय दोष?"

"नाही बाबा. मलाच तांबं धरून ठेवता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून शेजारच्या फ्रेडरिकने हाक मारली, "काय जयराम, औषध कधी? माझा गुडघा वाट बघतोय!"

चाळीस वर्षांत ज्याने गिऱ्हाइकाला शिळ्या भाजीला ताजी म्हटलं नव्हतं, तो जयराम पाणी वळवता वळवता हसला. "होतंय रे, होतंय."

हेमांगी दारात उभी होती. ती तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं. तिच्याकडे न बघता तो पुढच्या वाफ्याकडे गेला.