जिभेवर राहिलेलं नाव

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. पण ही गोष्ट त्या नावाचीच आहे, त्यामुळे माझा नाइलाज आहे. माझ्या सासऱ्यांचं नाव रेवणप्पा. सेलूच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच आमचं घर. राज्य निजामाचं, पण रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती.

माझ्या सासूबाई गौराबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांच्या तोंडाचा पट्टा पहाटेपासून सुरू व्हायचा. सगळ्या गल्लीची नावं घ्यायच्या, फक्त एक सोडून. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांना आईनं शिकवलेलं. रेवणसिद्धाच्या आरतीत सुद्धा त्या 'रेवण' गिळून नुसतं 'सिद्ध' म्हणायच्या! मामंजींचंही तेच. बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. दोघं एकमेकांना 'ऐकलं का' म्हणायचे. घरात दोन माणसांना मिळून एकच नाव होतं.

श्रावणात एका सकाळी आत्याबाई गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसल्या होत्या. बेल वाहायला उजवा हात उचलायला गेल्या, तो उठलाच नाही. मी धावत गेले तर तोंड वाकडं, पाय लुळा आणि घशातून आवाज नाही. अंगावरून वारं गेलं होतं. हकीमसाहेबांनी तेल दिलं आणि सांगितलं, "चोळत राहा आणि बोलत राहा. जबान परत येईल, न येईल, अल्लाला माहीत."

जिच्या बडबडीला मी कंटाळायचे तिचा आवाज ऐकायला माझे कान आसुसले. मामंजी तर रोज जेवताना तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. मामंजी पाटावर होते. आत्याबाईंनी तांब्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि स्पष्ट म्हणाल्या, "रेवणप्पा."

माझी भाकरी तव्यावर करपली. मामंजींचा घास हातातच राहिला. भर स्वयंपाकघरात, सुनेसमोर, नवऱ्याचं नाव! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाई मात्र कावल्या. "रेवणप्पा!" असं तांब्याकडे मान उडवून पुन्हा म्हणाल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना पाणी पाहिजे होतं.

त्या दिवसापासून त्यांच्याजवळ तेवढाच एक शब्द होता. भूक लागली की रेवणप्पा. पापडावर कावळा बसला की "रेवणप्पा! रेवणप्पा!" माझ्या तान्ह्या लेकाला मांडीवर थोपटताना गोड आवाजात रेवणप्पा. आणि आपण काय बोलतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. आपलं बरोबर चाललंय आणि बाकीचे बहिरे झालेत, असाच त्यांचा चेहरा असायचा. जन्मभर गिळलेलं नावच तेवढं जिभेवर कसं राहिलं, हे मला आजही कळत नाही.

गल्ली हादरली. शेजारच्या धुरपताबाई गालावर हात मारून म्हणाल्या, "आगं बाई बाई! नवऱ्याचं आयुष्य खायलीय ही. तोंडात बोळा घाला तिच्या."

मामंजी दुकानातून ऐकत होते. ते ओरडले, "आयुष्य कमी झालं तर होऊ द्या! जीभ तर हलायलीय ना तिची?" एवढ्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. धुरपताबाई फणकाऱ्यानं घरात गेल्या.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आत्याबाई कोपऱ्यात बसलेल्या. एकेक बाई नाव घ्यायला लागली. कुणीतरी सवयीनं म्हणालं, "गौराबाई, आता तुमी." मी डोळे वटारले, पण तोवर आत्याबाई सुरू झाल्या होत्या:

"ओसरीवर रंगल्या बायकांच्या गप्पा,
दुकानातून हाक मारती रेवणप्पा."

दरवर्षीचाच उखाणा, न अडखळता! बायकांच्या हातातले तिळगूळ तसेच राहिले. ज्या तोंडाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्या तोंडातून अख्खा उखाणा आला होता. मी रडले, तिथंच, सगळ्यांसमोर.

मग मी हेका धरला. नाव जिथं आहे तिथं उखाणा आहे आणि उखाण्यात बाकीचे शब्द आहेत. मी पुढं म्हणायची, त्या मागून यायच्या. "तांब्यात पाणी, पाण्याला झाकण..." करता करता 'पाणी' सुटं झालं. मग 'भाकर', मग 'दार लाव'. उजवा हातही बेलाचं पान धरायला लागला. जसजसे शब्द येत गेले तसतसं ते नाव मागं सरलं आणि एक दिवस बंद झालं. "ऐकलं का" परत आलं तेव्हा मामंजींनी दुकानात पेढे वाटले.

कुणीही त्यांना काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पण धुरपताबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका सकाळी अंगणात येऊन त्या हसत म्हणाल्या, "बरी झालीस बाई! न्हाईतर नुसतं नवऱ्याचं नाव घेऊन कावळे हाकलत होतीस की!"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी? नाव? ह्यांचं?" मला खोटं बोलता आलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत जाऊन त्यांनी कडी लावली. बाहेर आल्या त्या मुक्या होऊनच. पाणी नाही, भाकर नाही, 'ऐकलं का' नाही. ओठ शिवल्यासारखे बंद. वाऱ्यानं नेलेली वाचा आम्ही ओढून आणली होती, ती आता लाजेनं नेली.

मामंजींनी वाट बघितली, पण काही हलेना. मग एका बाजारच्या दिवशी, दुकानात गिऱ्हाईक असताना, त्यांनी तागडी खाली ठेवली. भर रस्त्यात उभे राहिले आणि घराकडे तोंड करून ओरडले,

"गौराबाई!"

गाडीवान थांबला. धुरपताबाईंचं सूप हातात राहिलं. मी चूल सोडून बाहेर धावले. नवरा बायकोला नावानं हाका मारतोय, तेही बाजारात!

"आगं ए गौराबाई!"

सगळी गल्ली बघत होती. त्यांचे कान लाल झाले होते, तरी थांबेनात. तिसऱ्या हाकेला आतून कडी वाजली. पाय ओढत आत्याबाई दारात आल्या. पदर तोंडावर होता.

"आवो, हळू की!" त्या म्हणाल्या. "समदा बाजार ऐकायलाय."

"ऐकू दे," मामंजी म्हणाले. "फिट्टंफाट झाली."