एका खर्र्याची वाट

गयाबाई गेली त्या सकाळी तिच्या आंगनात एकच वाद सुरू होता... लेकीसाठी थांबाचं का उचलाचं. गयाबाई म्हंजे माही मोठी जाऊ. तिले एकच लेक, सुनंदा, अन् ती पार दुसऱ्या राज्यात दिलेली. आमचे मोठे दीर, नामदेव भाऊजी, म्हनाले, "तिकून याले एक दिवस अन् एक रात लागते. उनायाचे दिवस हायेत, उचला." मी म्हनलं, "थांबा भाऊजी. विमानानं येऊन राह्यली. दिवस बुडाच्या आंत पोचते." "तुले काय ठाऊक विमान?" "मी बसली नाई काय गयाबाईसंगं!"

आमा दोघीचेबी नवरे लवकर गेले. मंग एकाच चुलीवर राह्यलो, लोकाइच्या बांधीत धानाचा रोवना केला, बोडीच्या पान्यात मासे धरले. बाई कायलेच भ्याली नाई, भ्याली फक्त एसटीले. बसली का ओकारी. इथल्या इथं सिंदेवाहीपरेंत जातानी अर्धी होये. म्हनून लेकीचं घर तिनं कदी पायलंच नाई. भाकरी थापता थापता म्हने, "लय दूर टाकली व मी पोट्टीले..." मंग सुनंदाले दिवस गेले, डाक्टरनं हलू नोको म्हनलं, अन् जावयानं आमा दोघीचे विमानाचे तिकीट काढले. गोंदियाच्या त्या लहानशा विमानतळापरेंत मोटारीनं गेलो, त्यातबी ओकलीच. विमान दिसलं तसा भेवानं तिनं सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात कोंबला. वर गेल्यावर ध्यानात आलं, थुकाव कुठी? खिडकी तं उघडत नाई! बसली गाल फुगवून. विमानातली पोट्टी इचारे, "आजी, पानी?" बाई नुसती मान हालवे. या घरात आली तवापासून बाई पयल्यांदा चूप बसली, अन् मी हासू हासू मेली. तोंड भरलंच होतं अन् विमान उतरलंबी. तिकडचं विमानतळबी येवढंसंच, एसटी स्टँडासारखं. भाईर येऊन झाडाखाली पिचकारी मारली अन् म्हनते कशी, "एवढंच? माय व... पोट्टी दूर नोतीच, रस्ताच वाकडा होता!" ओकारी एक नाई. त्यानंतर मंग का इचारता, खर्रा घोटला का बाई निंगाली लेकीकडं.

भाऊजी थांबले. पोरायनं बरफ आनला. ऊन कललं तसे भाऊजी घडीघडी वर पायत, अन् माहेबी डोये रस्त्याकडं लागले... विमान चुकलं तं? तेवढ्यात फाट्यावून गाडी आली. सुनंदानं मायच्या तोंडात पानी घातलं, गालावून हात फिरवला. "पोचली बापा," म्हनत भाऊजीच गोठ्याच्या आडोशाले जाऊन डोये पुसून आले.

परत जातानी सुनंदा दारात उभी राह्यली. "काकी, आता कोनाकडं येऊ व मी?"

"काऊन? मी मेली काय?" म्हनलं. रडता रडता हासली पोट्टी.

तवापासून मी बाईच्याच खाटेवर निजून राह्यली. निजू निजू तिनं मधात खड्डा पाडला हाये. भाऊजी म्हनत होते, सुतळी कसून देतो. मी नाई म्हनलं. माहं आंग बरोबर मावते त्यात... दिवाईले सुनंदा लेकराले घेऊन येते, तिले या खड्ड्यात जागा कुठी द्याची, येवढाच इचार हाये.