चाकाखालचं लिंबू

पोर्चमध्ये चिरडलेलं लिंबू पडलं आहे आणि सकाळपासून मी त्याच्याभोवती येरझाऱ्या घालतो आहे.

भंगारातून आणलेली जुनी मोटार मी नऊ वर्षं इथेच बांधत होतो. पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन दुसरं बसवलं, छप्पर कापून सरकतं केलं. काल ती विकली. घेणारे गृहस्थ हार, नारळ आणि लिंबं घेऊनच आले होते.

"तुम्ही पूजा कधी केली होती?" त्यांनी सहज विचारलं.

"यांची गाडी पुरी होईल तेव्हा ना!" बायको हसत म्हणाली.

खरंच होतं ते. काम संपलं की पूजा करू, असं मी ठरवलं होतं, आणि दर रविवारी कुठेतरी, कधी बॉनेटला तर कधी दाराच्या फटीत, मिलिमीटरभर चूक सापडत होती. घराचं, संसाराचंही मी असंच करतो का? नीट करण्याच्या नादात त्यात बसून फिरायचं राहूनच जातं.

काल चाक लिंबावरून गेलं, आणि माझी अर्धवट गाडी त्यांची नवी गाडी होऊन फाटकाबाहेर पडली.

आता बायको झाडू घेऊन आली आहे.

"उचलू हे?"

"थांब जरा."

"आता काय राहिलं?"

"डाव्या दाराची फट," मी म्हणालो.